टेकडीवरची कोरडी विहीर

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा हत्ती गावातून जायचे आणि माणसं बाजूला होऊन त्यांना वाट द्यायची.

समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी एका देशावर तीन पिढ्या राज्य केलं. मग त्या देशातला एक माणूस पायी गावोगाव फिरला, त्यानं माणसं जागी केली. परके लोक गलबतांत बसून निघून गेले. लोकांनी त्या माणसाला आपला पहिला नायक केलं आणि ते त्याला प्रेमानं बाबा म्हणू लागले.

त्या देशात एक रीत होती. सभा गोरखचिंचेच्या झाडाखाली भरायची. आधी सगळ्यांनी बोलायचं, आणि जो थोर त्यानं सगळ्यांत शेवटी. गावोगाव फिरताना नायकानं ही रीत कधी मोडली नाही. गुराखी बोलला तरी तो कान देऊन ऐकायचा. म्हणून तर लोक त्याच्यामागे गेले.

नायक झाल्यावर कामं वाढली. एक दिवस तो म्हणाला, "आज घाई आहे. मीच आधी बोलतो."

मग रोजच घाई असायची, बरं का.

एका वर्षी पाऊस रुसला. नव्यानं वसवलेली राजधानी तहानेनं व्याकूळ झाली. नायक सभेत म्हणाला, "टेकडीवर विहीर खणू. लांबून दिसेल. देशाची शान वाढेल."

"वा बाबा, वा!" सगळ्यांच्या माना डोलल्या.

तीन महिने खणलं. पहारी वाकल्या, हातांना फोड आले, पण खाली नुसता खडक. बाया दोन कोसांवरून पाणी आणत होत्या. तान्ही मुलं आजारी पडू लागली. शेवटी नायक स्वतः कुदळ घेऊन खड्ड्यात उतरला.

तेवढ्यात खड्ड्याच्या काठावरून एक म्हातारी कुंभारीण चालली होती. तिच्या डोक्यावरच्या टोपलीतल्या मातीतून पाण्याचे थेंब गळत होते.

"आजी, ही ओली माती कुठली गं?" नायकानं विचारलं.

"खालच्या घळीतली. ती बारा महिने ओलीच असते."

"मग सभेत का नाही बोललीस?"

"कधी बोलू? तू आधी बोललास. तुझ्यामागून बोलायचं म्हणजे तुला खोटं पाडायचं. ज्यानं आम्हाला सोडवलं, त्याला कोण खोटं पाडील, लेकरा?"

"पण सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या!"

"मान तर सरडाही डोलवतो," म्हातारी म्हणाली आणि आपल्या वाटेनं गेली.

दुसऱ्या दिवशी नायक झाडाखाली गप्प बसला. सगळे त्याच्याच तोंडाकडे बघू लागले. आधी बोलायची सवयच गेली होती. मग कुंभारीण बोलली, "खालच्या घळीत खणा." तिच्यामागून एक कोळी बोलला, "आजी, घळीच्या मधोमध नको. चिखल ढासळेल. कडेला खणा." मग एकेक करून सगळेच बोलले.

नायक शेवटी उठला. "टेकडीवर खणायला लावलं ही माझी चूक. आता घळीच्या कडेला खणू."

नवव्या दिवशी पाणी लागलं. पहिली घागर कुंभारणीची भरली.

पुढं नायकाचे केस पिकले, तेव्हा त्यानं आपली जागा आपण होऊन सोडली आणि तो सभेत कडेला जाऊन बसला. नवा नायक म्हणाला, "बाबा, आधी तुम्ही सांगा."

म्हातारा हसला. "नको रे बाबा. पुन्हा टेकडीवर विहीर खणावी लागेल!"

तो कोरडा खड्डा लोकांनी बुजवला नाही. नवा नायक निवडला की आधी त्याला तिथं नेतात, आत डोकावायला लावतात, आणि मगच झाडाखाली बसवतात.

तात्पर्य: ज्याला खरं ऐकायचं आहे, त्यानं आपलं बोलणं शेवटी ठेवावं.