पेटीभर काडतुसं, एक तबकडी

“…म्हणजे पैसे वाचतात की नाही, आबा? एवढंच सांगा.”

गावाबाहेरच्या माळावर आयुष्यभर उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी शिकवलेल्या हिंदुरावआबांसमोर इंद्रजितनं काडतुसांची पेटी ठेवली. शिष्य लाडका, पण तोरा भारी. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जपायच्या, त्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी, दारू, छर्रे घालायचे, की काडतूस पुन्हा तयार. रीतसर परवाना काढून स्वारी गेली काही वर्षं हेच करत होती. शहरातल्या क्लबात चार बार टाकायचे, पुंगळ्या वेचायच्या आणि भरायला घरी पळायचं.

“विकतच्या निम्म्यात पडतं,” तो म्हणाला.

“मग उरलेल्या निम्म्याचं काय केलंस?”

“भरायचं यंत्र घेतलं. दारू तोलायला काटा घेतला. मग दारू स्वस्तात मिळत होती, म्हणून ती जास्तीची…”

आबा खो खो हसले.

“हसताय काय! पुढं वाचतील.”

“वाचतील की. आणि रविवारी इकडं का येत नव्हतास?”

“रविवारीच तर भरायला सवड मिळायची.”

आबांचं हसू ओसरलं. दर रविवारी ते इथं दोन खुर्च्या मांडून बसायचे. तेव्हा त्यांना दिसत होतं. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, आणि उद्या मुलगी त्यांना कायमचं नाशिकला न्यायला येणार होती. इंद्रजितला हे परवा कळलं. म्हणून तर आज तो आला होता.

“आबा, चुकलं माझं. यायला हवं होतं.”

“ते राहू दे आता. एक तबकडी फोड माझ्यासाठी. कशी फुटली ते सांग, म्हणजे मला दिसेल. तेवढं घेऊन जातो.”

“एक का? पेटीभर फोडतो!”

“एकच उरलीय. बाकीच्या कालच वाटून टाकल्या.”

…

इंद्रजितनं आपल्या हातानं भरलेलं काडतूस बंदुकीत घातलं.

आबांनी चाचपडत तबकडी उडवायच्या यंत्राची दोरी ओढली. मातीची तबकडी आभाळात गेली. बार झाला. दूर कुठंतरी फट् आवाज आला.

“लागली!” आबा उठून उभेच राहिले. “ऐकलं मी! सांग, कशी फुटली? दोन तुकडे, का पार भुगा? तुकडे गेले कुणीकडं?”

इंद्रजित गवतात गुडघ्यावर बसला होता. बार होताच बंदूक उघडायची, पुंगळी कुठं पडते तिकडं नजर न्यायची… सवयच लागली होती. कोमट पुंगळी मुठीत आली तेव्हा कुठं त्याला उमगलं, आपण काय करून बसलो.

“आबा…”

“अरे, बोल ना!”

“मी… पाहिलंच नाही.” त्याला रडू आवरेना. “पुंगळी बघत होतो.”

आबा तोंड वर करून तसेच उभे राहिले. मग हातानं खुर्ची शोधून खाली बसले.

“असू दे,” ते म्हणाले. “सापडली ना पण?”