अप्पासाहेबांच्या कॅमेऱ्याची परीक्षा

मत्सराचा फोटो निघत नाही म्हणतात. आमच्या फोटो क्लबात तो निघाला, आणि चांगला लख्ख निघाला.

क्लबचे अध्यक्ष अप्पासाहेब शितोळे यांनी नवा, महागडा कॅमेरा घेतला होता. तरी पळत्या बैलांचे फोटो गाजायचे ते रेवती ढमालेचे, आणि तेही तिच्या जुनाट कॅमेऱ्यावरचे. अप्पासाहेबांच्या पोटात दुखायचं.

"माझ्या कॅमेऱ्याला एकदा लक्ष्य दाखवलं, की ते कितीही पळो, फोकस सुटत नाही," ते एकदा म्हणाले. "रविवारच्या शर्यतीत दोन्ही कॅमेरे आजमावू. हरेल त्यानं यात्रेच्या शर्यतीला शेवटच्या निशाणाजवळची जागा सोडायची."

ती जागा दरवर्षी रेवतीची असायची. तरी ती हो म्हणाली.

रविवारी बैलगाडे सुटले. रेवती पुढे उभी होती, अप्पासाहेब तिच्या मागच्या बांधावर.

संध्याकाळी क्लबात पडद्यावर फोटो लागले. रेवतीच्या फोटोत बैलांच्या नाकपुड्यांवरची धूळसुद्धा दिसत होती. अप्पासाहेबांच्या प्रत्येक फोटोत बैल धूसर होते. स्पष्ट होती ती फक्त रेवती: तिची वाकलेली मान, बटणावरचं बोट, जुन्या कॅमेऱ्यावरचे ओरखडेसुद्धा.

"कॅमेरा सदोष निघाला," अप्पासाहेब गुरगुरले. "उद्याच परत करतो. ही परीक्षा रद्द."

"परत नका करू, अप्पासाहेब," रेवती म्हणाली. "बिचारा तुमच्या शब्दाला जागला. तुम्ही दाखवलेलं लक्ष्य त्यानं शेवटपर्यंत सोडलं नाही."