अजगरआप्पांची तीट

सह्याद्रीच्या झाडीत माणसाची पाऊलवाट पडायच्याही आधीची गोष्ट. उन्हानं तापणाऱ्या एका कातळावर अजगरआप्पांचा मुक्काम असे. "देवानं आम्हांला पहिल्या दिवसापासून बिनपायांचं घडवलं. पायवाल्यांशी आमचं नातं नाही, हा कातळ आमचाच," असं ते ठासून सांगत आणि घोरपड बिचारी खाली सावलीत कुडकुडत बसे.

एका थंडीत कात टाकताना आप्पा उताणे झाले आणि शेपटीजवळची दोन काळी, बारीकशी नखं घोरपडीला दिसली.

"आप्पा, ही कशाला हो?"

"दृष्ट लागू नये म्हणून देवानं लावलेली तीट!"

"तीट एकाच गालाला लावतात, आप्पा. ही दोन्ही बाजूंना आहेत, माझे मागचे पाय आहेत नेमकी तिथंच."

आप्पांनी तिचे पाय पाहिले, मग आपली नखं पाहिली. मनातून ते फार खट्टू झाले. नखांवरची नजर न काढताच म्हणाले, "म्हणजे मागं कुठंतरी आपलं घर एकच?"

"नखं तरी तेच सांगतात."

"पण तीट देवानंच लावली, हे मी सोडायचा नाही हं," आप्पा पुटपुटले. मग वेटोळं आवरून त्यांनी अर्धा कातळ मोकळा केला. "ये वर. घरच्यांना कुणी दारात उभं ठेवतं का?"