कोंब फुटलेली कोय

आंबा तुम्ही मिटक्या मारत खाल्लात आणि कोय मात्र प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून, गच्च गाठ मारून फेकून दिलीत!

अशीच एक कोय एकदा गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर येऊन पडली. पिशवीतच तिला कोंब फुटला.

"पिशवीताई, सर ना बाजूला! खाली माती आहे, मला तिची ऊब लागतेय."

"कशी सरू, बाळ? ही गाठ मला सुटत नाही. आणि कुजून फाटावं म्हटलं, तर मी कुजतही नाही."

कोंब वळत वळत पिशवीलाच टेकला, पिवळा पडला आणि मरून गेला. पिशवी त्याला पोटाशी धरून बसली.

बाहेर ताटकळलेलं गांडूळ मातीला म्हणालं, "इतक्या जवळ होतं गं लेकरू! पण गाठ सोडायला आपल्याला बोटं कुठे आहेत?"