रुमाजीचा दुसरा वाडगा

ज्या काळी वेळुंबे गावात घरं थोडी आणि नाकं मोठी होती, त्या काळची ही गोष्ट. गावाबाहेर, ओढ्याच्या काठाला, रुमाजी नावाचा कातारी एकटा राहायचा. चरकावर लाकूड फिरवून तो वाडगे कातायचा. पण त्याचे वाडगे लाकडाचे दिसतच नसत.

शिवणीच्या लाकडावर तो पटाशीने असे बारीक खळगे पाडायचा, की तांबटाने ठोकून काढलंय असंच वाटावं. मग तापल्या लाखेतून रंग चढवायचा आणि ओढ्याकाठच्या केवड्याच्या पानाने घासायचा. पितळ म्हणा, कासं म्हणा, काळा दगड म्हणा, हुबेहूब. एकदा त्याचा तांब्यासारखा रंगवलेला वाडगा घेऊन एक कल्हईवाला कल्हई लावायला बसला आणि धूर निघाला तेव्हा कुठे उठला, असं म्हणतात.

त्या काळी वेळुंब्यात मुलीच्या रुखवतात पितळी वाडगे मांडावेच लागत. नसतील तर सोयरीक मोडायची. ज्यांच्या घरी पितळ नसे, ते दुपारी गाव सुस्तावलं की हळूच ओढ्याकाठी जात. रुमाजी काही विचारत नसे. वाडगे हातात ठेवताना एवढंच सांगायचा, "लाडवांनी भरून मांडा. मागनं वरच्या फळीवर ठेवा. चिंच लावून घासू नका." भरल्या भांड्याला टिचकी मारली तरी ते वाजत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्यांची लाज राखणारा माणूस गावाचा किती लाडका असेल. छे! आपलं उणं ज्याने पाहिलं, तो समोर आला की माणसाला चोरट्यासारखं होतं. रुमाजी दिसला की लोक वाट बदलायचे. लग्नाला सारा गाव जेवायचा, पण त्याला आवतन नसायचं. पंगतीत बसून तो आपल्या फळीकडे नुसता पाहील, एवढीच धास्ती. त्याच्या घरात न रंगवलेले, साध्या लाकडाचे दोन वाडगे होते. एक त्याचा आणि एक पाहुण्याचा. दुसऱ्यात कधी कुणी जेवलं नाही. तरी तो रोज दोन्ही वाडगे धुऊन पुसायचा, असं म्हणतात.

एका वर्षी गोजराबाई नावाच्या विधवेच्या मुलीचं, येसूचं लग्न ठरलं. सासर गावातलंच, वरच्या आळीतलं. रुखवतात रुमाजीचे वाडगे लाडवांनी भरून मांडले होते. अक्षता वाटून झाल्या होत्या. एवढ्यात नवऱ्या मुलाची तान्हूआत्या पुढे झाली. तिने एक वाडगा सरळ परातीत उपडा केला आणि त्याला टिचकी मारली. टक्क आवाज आला.

"लाकूड हाय ह्ये," आत्या म्हणाली. "पोरगीबी अशीच रंगवलेली असंल. ऊठ रं बाळा, लगीन ऱ्हाऊ दे."

गोजराबाई परातीतले लाडू गोळा करू लागली. येसूने मान वर केली नाही. मांडवाच्या कुडाबाहेर रुमाजी उभा होता. वाजंत्री ऐकायला तो नेहमी तिथे यायचा. तो आत आला. आयुष्यात पहिल्यांदा तो गावच्या मांडवात आला.

"चोरी माझी हाय," तो म्हणाला. "गोजराबाईनं खरं पितळ माझ्याकडं उजळायला दिल्तं. म्या इकून खाल्लं आन् ही लाकडं भरून धाडली. तिला ठावं न्हाई. पोरीला बोल लावू नका."

गोजराबाईने तोंड उघडलं, पण पोरीकडे पाहून मिटलं. मांडवात बसलेल्या कितीतरी बायांना ठाऊक होतं, की हा माणूस चोर नाही. पण ते सांगायचं, तर आपल्या घरची फळी उघडी पडणार. सगळ्या आपापल्या मुठीतल्या अक्षतांकडे पाहत राहिल्या. पाटलाने त्याला गाव सोडायला सांगितलं. रुमाजीने चरक खांद्यावर घेतला आणि ओढा ओलांडून तो निघून गेला. मग येसूचं लग्न लागलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि वेळुंब्यात घरोघरी बाया फळ्यांपुढे थिजून उभ्या राहिल्या. रुमाजीच्या प्रत्येक वाडग्याचा रंग उडाला होता. पितळ गेलं, कासं गेलं, नुसतं फिकट लाकूड उरलं. रंग आपल्या धन्याच्या मागे गेला, असं म्हणतात. पाटलाच्या फळीवर लाकूड होतं. तान्हूआत्याच्या फळीवरही होतं. टिचकी नेमकी कुठे मारायची ते तिला कसं कळलं, हे तेव्हा गावाला उमगलं.

गोजराबाई ओढ्याकडे धावली. झोपडीत एकच वाडगा होता, पाहुण्याचा. स्वतःचा वाडगा रुमाजी घेऊन गेला होता. गोजराबाईने त्यात लग्नाचा भात वाढून आणला आणि काठावर उभी राहून ती हाका मारत राहिली, "रुमाजीदादा, जेवायला या." ओढा ओलांडून कुणी आलं नाही.

आजही वेळुंब्यात रुखवताच्या भांड्याला कुणी टिचकी मारत नाही. लग्नाचं पहिलं वाढप साध्या लाकडी वाडग्यात करतात. नवरीची आई तो घेऊन ओढ्याकाठी जाते आणि तीच हाक देते. मग वाटेवर जो कुणी एकटा भेटेल, त्याला हाताला धरून मांडवात आणतात आणि तो वाडगा त्याच्यापुढे ठेवतात. त्याने पहिला घास घेतल्याशिवाय गाव जेवत नाही.