भरलेला रांजण आणि खारट खीर

सुलतान हक्कानच्या गच्चीवर पाऊस मोजायचा एक रांजण होता आणि त्याने सगळ्या राज्याच्या नाकी नऊ आणले होते. जैतुनांच्या बागांचा तो समुद्रकाठचा देश. तिथे पाऊस पडतो तो हिवाळ्यात. उन्हाळाभर आभाळ कोरडं ठणठणीत. म्हणून नियम असा, की हिवाळा संपताना रांजण खुणेपर्यंत भरला नसेल, तरच उन्हाळ्यात शाही हौद लोकांसाठी उघडायचा.

यंदा पाऊस हिवाळाभर रुसून बसला आणि अगदी शेवटी तीन दिवस धो धो कोसळला, तोही फक्त महालाच्या बाजूला. रांजण भरला. डोंगरापलीकडच्या गावांत मात्र गहू कधीच वाळून गेला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या. तरी हौदाला कुलूप ते कुलूपच!

महालातली स्वयंपाकीण तमीमा त्याच गावांतली. तिची आई, भावंडं तिकडेच घोटभर पाण्यासाठी वणवण करत होती. तिने सुलतानापुढे गाऱ्हाणं घातलं. पण सुलतान पडला महाहट्टी. रांजण भरला म्हणजे पाऊस पुरेसा झाला, यावर तो अडून बसला.

"पुरेशा पावसाचाही उपयोग नसतो, असं उद्या माझ्याच तोंडून वदवून दाखव," तो म्हणाला. "जमलं तर हौदाची चावी तुझी. नाहीतर गाशा गुंडाळ."

दुसऱ्या दिवशी तमीमाने वजिराला चुलीपाशी बसवून मीठ मोजायला लावलं. रोजच्याप्रमाणे सात चमचे. मोजून झाल्यावर वजीर तिथेच पेंगायला लागला, हे एक बरं झालं.

सुलतान जेवायला बसला. सार अळणी. रस्सा अळणी. भाजलेलं कोकरूही अळणी. मीठ विसरलीस काय, म्हणून तो ओरडला, तर वजिराने दाढीवर हात ठेवून शपथ घेतली की सात चमचे आपण स्वतः मोजलेत. शेवटी वैतागलेल्या सुलतानाने खिरीचा मोठा घास घेतला आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. सातही चमचे खिरीत होते!

"मोजून सात असले म्हणून काय झालं?" सुलतान खेकसला. "सगळं मीठ एकाच वाडग्यात, तेही जेवण संपताना! असल्या पुरेशा मिठाचा उपयोग काय? माझं कोकरू तर अळणीच गेलं ना!"

"आमचा गहूही असाच गेला, हुजूर," तमीमा म्हणाली. "पाऊस मोजून पुरेसा. पण सगळा तुमच्या वाडग्यात, आणि जेवण संपताना."

सुलतान उत्तर द्यायला गेला, पण जीभ टाळूला चिकटली होती. त्याने खुणेनेच पाणी मागितलं.

"पाणी कशाला, हुजूर? यंदाचा रांजण खुणेपर्यंत भरलाय!"

सुलतान आधी लाल झाला आणि मग पोट धरून असा हसत सुटला, की पाणी आणायला वजिरालाच धावावं लागलं. तीन सुरया रिकाम्या केल्यावर त्याने कमरेची चावी काढून तमीमाच्या हातात दिली, हौदाचा कारभारही तिच्याकडेच सोपवला आणि डोंगरापलीकडच्या गावागावांत पाऊस मोजायला एकेक रांजण पाठवला. उरलेली खीर वजिराने संपवावी, असा हुकूमही लगेच सुटला.