पुराची रेघ

आयर्लंडमधल्या बॅलिकार्न गावात पुलाच्या भिंतीवर एक रेघ कोरलेली आहे. पणजोबांच्या काळात पुराचं पाणी तिथवर चढलं होतं. बिल्डर लॅनिगनला नेमकी त्या रेघेखालच्या कुरणात घरं बांधायची होती, म्हणून ती त्याच्या डोळ्यांत सलत होती.

गावसभेच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. लोकांचं लक्ष सभेत कमी नि खिडकीबाहेरच्या नदीकडे जास्त.

"पुराच्या सगळ्या भाकडकथा!" लॅनिगन गरजला. "बुजवून टाका ती रेघ. पाणी तिथवर येणं शक्यच नाही."

तेव्हा गावचं बातमीपत्र चालवणारी ऊना क्विल्टी उठली.

"साहेब, तुमची नवी मोटार कुठे दिसली नाही ती? पुलाजवळ तर जागा मोकळी आहे."

"वर टेकडीवर, चर्चपाशी लावलीय. असल्या पावसात नदीकाठी कोण ठेवील?"

"मग रेघ राहू द्या, साहेब. जी तुमच्या मोटारीला कळते, ती त्या घरांत झोपणाऱ्या पोरांनाही कळू दे."

कुणी हसलं नाही. आता लॅनिगनही खिडकीबाहेर बघत होता.